ओळखणारा इसम

रकाना पहिला : नाव

त्या माणसाचं नाव जगदेव पाटलाने सरकारी कागदावर चार वेळा लिहिलं होतं आणि चारही वेळा निराळं. चौथ्या वेळी तर कंटाळून ‘सदर चिनी इसम’ एवढंच लिहून तो मोकळा झाला. माणसाचं नाव ल्यू. गावाने त्याचं लिवू केलं होतं, आणि तोही त्या नावाला ओ देत होता. हीच गोष्ट जगदेवाला पहिल्यांदा खटकली. जो माणूस आपलं नाव दुसऱ्याला असं वाकवू देतो, त्याचं ते नाव खरं कशावरून?

जगदेव धनजचा पोलीस पाटील. काम बापाकडून आलेलं. बाप, बबनराव, पाटीलकी करायचा ती पारावर बसून, चिलीम ओढत, आल्यागेल्याला “कोठचा बावा तू?” असं विचारून. उत्तर काय आलं याच्याशी त्याला देणंघेणं नसे. जगदेवाचं सगळं लक्ष उत्तरावर. गोसावी भिक्षेला आला तर जगदेव त्याला विचारी, तुझ्या गावच्या विहिरीला पायऱ्या किती? संध्याकाळी पुन्हा विचारी. आकडा बदलला की गोसावी गावाबाहेर. बांगड्या विकणाऱ्याच्या पेटाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून तो तळ चाचपायचा. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, पाटील झोपेतही कोणाची वळकटी सोडून पाहत असेल.

सन एकोणीसशे चाळीसच्या दसऱ्याला तो चिनी धनजच्या आठवडी बाजारात प्रथम आला. बैलगाडीतून एक लाकडी खुर्ची उतरवली, एक पेटी उतरवली, आणि गूळवाल्याच्या शेजारी बसला. जगदेवाने तहसिलीला पहिला रिपोर्ट पाठवला, त्यातलं वाक्य असं होतं : ‘सदर इसम सकाळपासून खुर्ची मांडून बसतो. गिऱ्हाईक नसताही उठत नाही. त्याअर्थी त्याचे खरे काम निराळे असावे.’


रकाना दुसरा : बापाचे नाव

भरलेलं आहे, चिनी अक्षरांत. वाचणारं कोणी नाही.


रकाना तिसरा : धंदा

दात काढणे, दात बसवणे.

हा धंदा असू शकतो हेच धनजला पटायचं नव्हतं. दात दुखला तर लवंग धरायची, फारच झालं तर लोहाराकडे जायचं. त्यासाठी समुद्र ओलांडून कोणी कशाला येईल?

तो कसा आला ते फुलसिंग सांगायचा. फुलसिंग पोहरादेवीकडच्या तांड्यातला. कारंज्याच्या जिनात कापसाच्या गाड्या हाकायचा. अकरा दिवस दाढेने कळवळत असताना बाजारात या परक्याच्या खुर्चीवर बसला आणि चार श्वासांत मोकळा झाला. तेव्हापासून तो ल्यूचा गाडीवान, दुभाष्या आणि वकील.

“त्याच्या घरी आजापासून हेच काम,” फुलसिंग पारावर बसून सांगे. “तिकडं लढाई पेटली म्हनून कलकत्त्याले आला. तेथी गल्लीगल्लीत त्याच्याच मुलखाचा एक दातवाला बसेल. मंग जेथी कोनीच नाई तेथी जाऊ म्हनून इकडं निघाला. नागपुरात मोठ्या दवाखान्यात गेला, त्यायनं सर्टिफिकीट मांगलं. यानं दाखवलं. ते चिनीत. साहेबानं उलटं धरून पायलं, सुलटं धरून पायलं, अन् परत देल्लं. अमरावतीत एका डाक्टरनं बाटल्या धुवाले ठेवला आठ दिवस. कारंज्यात खोली पायत फिरला तं सारे एकच इचारत, तुले वळखते कोन? आता त्याले कोन वळखीन, सांगा बरं पाटील?”

“तू वळखतं ना,” जगदेव म्हणाला.

“मी त्याले माही दाढ देली हाय. याच्याऊन जास्त वळख कोनती पायजे?”

लोक हसले. जगदेव हसला नाही. तो दुसऱ्या रिपोर्टाचं मनात जुळवत होता. कलकत्त्याला सगळे आपले लोक सोडून माणूस परक्यांत येतो. त्याअर्थी आपल्या लोकांत त्याने काहीतरी केलं असावं.

आणि खुर्चीशेजारच्या काचेच्या डब्यात दात होते. माणसाच्या तोंडातल्यासारखे, लहानमोठे, किंचित पिवळट. बाजाराला आलेली माणसं लांबून वाकून पाहायची आणि पुढे जायची. एवढे दात कोणाचे, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नव्हतं, पण तो डब्याभोवती माशीसारखा फिरत होता.

पहिला बसला तो जगदेवाचा बाप.

बबनराव सत्तरीच्या पुढचा. तोंडात तीन दात उरलेले, तेही एकमेकांपासून फटकून राहणारे. मार्गशीर्षात ज्वारी दाण्यावर आली आणि म्हातारा अस्वस्थ झाला.

“जगदेवा, थो चिना बसते काय अजून बाजारात?”

“बसते. तुमाले कायले पायजे?”

“मले हुरडा खायचा हाय. चार वर्सं झाले, पोरं चावतात अन् मी त्यायच्या तोंडाकडं पायतो.”

“बाबा, त्याच्याजवळचे दात कोनाचे हायेत, ते तं ठाव पायजे ना.”

“माह्या तोंडात आले का माह्ये.”

पाटलाच्या बापाला अडवणार कोण? ल्यूने म्हाताऱ्याचे ते तीन दात काढले. जखम भरू दिली. मग मेण चावायला लावलं, चुन्यासारखं काहीतरी तोंडात भरून साचा घेतला. पाच बाजार लागले. पाचही बाजारांना जगदेव खुर्चीच्या मागे उभा होता, ल्यूच्या हातांवर नजर ठेवून. हात स्वच्छ होते. तेही त्याला बरं वाटलं नाही.

पौषात बबनरावाने शेतात आगटीपुढे मांडी घालून हुरडा खाल्ला. तिळाची चटणी लावून, डोळे मिटून, कोणाशी न बोलता. नंतर पंधरा दिवस म्हातारा गावभर हसत फिरला. पारावर बसून कवळी काढायचा, उन्हात धरायचा, परत घालायचा. पोरं मागे लागायची. ल्यूला वाटलं असेल, आता रांग लागेल. बाजाराला खुर्चीभोवती माणसं खरंच जमू लागली, पण बसेना कोणी. फुलसिंगने एकाला खांदा धरून बसवायला पाहिलं, तो म्हणाला, “घाई काय हाय? पाटलाच्या बापाचं काय होते, ते पाहू ना मंग.”


रकाना चौथा : धंदा करण्यास परवानगी कोणत्या ठिकाणी पाहिजे

कारंजा. एक खोली आणि दारावर पाटी.

ल्यूने तसा अर्ज केला होता. लढाईमुळे परदेशी माणसांच्या कागदांची तपासणी कडक झाली होती. छापील कागद माघाच्या मध्यावर धनजला आला, चपराशाच्या हातून, थेट जगदेवाकडे. आठ रकाने, शेवटचे दोन सोडून भरलेले. सातव्यात छापलं होतं : ‘अर्जदारास जातीने ओळखणारा या जिल्ह्यातील इसम.’ सोबत साहेबाचा शेरा होता, तो असा की, या इसमाविरुद्ध चार रिपोर्ट आहेत आणि चारही धनजच्या पोलीस पाटलाचे आहेत. दुसऱ्या कोणाची तक्रार नाही. तरी आता त्याच पाटलाने लिहून द्यावे. हरकत नसेल तर सही करावी. सही नसेल तर अर्जदाराने महिनाअखेर जिल्हा सोडावा.

म्हणजे त्या माणसाचं राहणं-जाणं जगदेवाच्या एका सहीवर आलं.

“दे करून सही,” बबनराव खाटेवरून म्हणाला. त्याला दोन दिवस ताप होता.

“पाहू.”

“पाह्यतं काय? मी हावो ना त्याचा सबूत.” म्हाताऱ्याने ओठ मागे ओढून दोन्ही ओळी दाखवल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे म्हातारा गेला.


या गोष्टीला कागदात रकाना नाही

नेताना कोणीतरी म्हणालं, तोंडातलं काढून घ्यायचं काय? जगदेवाची आई, रंगूबाई, म्हणाली, “राहू द्या. हसतं तोंड हाय त्याचं.” तसंच नेलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले. जगदेव, त्याचा चुलता रामराव आणि भावकीतले दोघे. दूध शिंपडून झालं. रामरावाचा या कामात हात बसलेला. गावातल्या तीस-चाळीस जणांची राख त्याने सावडली असेल. कोणत्या हाडाचं काय उरतं, कवटीचा कोणता भाग तडकतो, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. डोक्याकडची राख चाळता चाळता तो थांबला.

तळहातावर दात होते. एकोणीस. राख फुंकली तसे ते उजळले. काळे पडलेले नव्हते, तडकलेले नव्हते. लालसर हिरडीचं नावनिशाण उरलं नव्हतं, दात मात्र जसेच्या तसे. आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे दोन खिळे.

रामरावाने एक दात नखाने खरवडून पाहिला.

“दात राह्यतात,” रामराव सावकाश म्हणाला. “सारं जळते, दात राह्यतात. पन असे नाई राह्यत. काळे होतात, नखानं तुटतात. हे काहून नाई झाले?”

“काहून, काकाजी?”

“एकदा जळेल हाडूक दुसऱ्यांदा जळत नाई, जगदेवा. हे एका चितेतून निंगेल हायेत. पयलेच. कोनाच्या तरी.”

 म्हातारा गावभर हसत फिरला होता ते दुसऱ्याच्या मेल्या तोंडाने. कोणाच्या? कोणत्या जातीच्या, कोणत्या मुलखाच्या? बाईच्या की बाप्याच्या?

“गाडग्यात टाकू नोको,” रामराव म्हणाला. “दुसऱ्याचे फुलं आपल्या मान्साच्या फुलात मिसळून नदीत सोडाचे काय? अन् त्या चिन्याले सही देशीन तं त्या गाडग्याले माहा हात लागनार नाई. सांगून ठेवतो.”

अस्थींचं गाडगं मसणवटीच्या कडेच्या बाभळीला टांगलं. एकोणीस दात जगदेवाने उपरण्याच्या टोकात बांधले. आता त्याच्याकडे पाचव्या रिपोर्टाला पुरावा होता.


रकाना पाचवा : हल्ली मुक्काम

फुलसिंगच्या बैलांचा गोठा, कारंज्याच्या जिनामागे.

सुतकात बाहेर पडू नये, पण जगदेव पाचव्या दिवशी दुपारी तिथे गेला. सुतकी माणूस म्हणून तो उंबऱ्याबाहेरच बसला. ल्यूला हे कळण्याचं कारण नव्हतं. तो आत या, आत या म्हणत राहिला. शेवटी फुलसिंगने त्याला सांगितलं, की पाटलाचा बाप वारला.

ल्यू उभा होता तो खाली बसला. मग त्याने विचारलं, “दाँत?”

“तोंडातच होते,” फुलसिंग म्हणाला. “संगं जाळले.”

ल्यूने मान हलवली. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “अच्छा काम था. बहुत अच्छा काम.”

जगदेवाने हे नीट ऐकून ठेवलं. माणूस मेला त्याचं दुःख नाही, दात गेल्याचं आहे. का असावं? फुकट मिळालेल्या वस्तूचं कोणाला एवढं वाटतं? की त्या दातांची पुढे कुठे दुसरी गरज होती?

आत गव्हाणीवर फळी टाकलेली होती. फळीवर स्टोव्ह, पितळेचं झाकणबंद भांडं, मेणाच्या कांड्या आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर दात चिकटवलेले, समोरचे समोर, दाढा मागे, ओळीने.

“इचार त्याले,” जगदेव म्हणाला, “हे दात कशाचे हायेत?”

फुलसिंगने विचारलं. ल्यूने बाहेरची चिमूटभर माती उचलून दाखवली. “मिट्टी. सफेद मिट्टी.”

“मातीचे म्हनते,” फुलसिंग म्हणाला.

“मले समजलं. माती चावताना फुटत नाई काय? इचार.”

ल्यूने दोन्ही हातांनी मोठी घुमटी करून दाखवली. “भट्टी. बहुत आग. आग में जाता, फिर ऐसा.” त्याने एक दात उचलून फळीवर ठोकला. टक् आवाज झाला. “अब आग कुछ नहीं करता.”

जगदेवाने उपरण्याची गाठ घट्ट धरली. रामराव म्हणाला होता तेच हा स्वतःच्या तोंडाने सांगत होता. आधी आगीतून जातात. नंतर आग काही करत नाही. फक्त कोणती आग, एवढाच फरक. मातीची भट्टी की माणसाची चिता?

“पाटील,” फुलसिंग हळू आवाजात म्हणाला, “सहीचं काय? आमोशा आठ दिवसावर हाय.”

“तुले काय देते रे थो, एवढी वकिली करून राह्यला ते?”

“देते ना. रोज अर्धी भाकर मांगते अन् अर्धी परत देते.” फुलसिंगने बैलाच्या पाठीवर थाप मारली. “मी तांड्यातला मानूस. मले कोनीबी थानेदार कोठीबी इचारते, का रे, कोठं चाल्ला, गाडीत काय हाय? माहा बाप सांगता सांगता मेला. याले इचारतानी पायलं तं मले वाटलं, चला, आज दुसऱ्याची बारी हाय.”

जगदेवाने उपरणं खांद्यावर सारखं केलं. तो उठला. ल्यू उंबऱ्यापर्यंत आला. त्याने सहीचं विचारलं नाही, हात जोडले नाहीत. नुसता जगदेवाच्या उपरण्याच्या गाठीकडे पाहत राहिला. गाठीत काय आहे हे त्याला ओळखू आलं असावं, असं जगदेवाला सबंध वाटभर वाटत राहिलं.


रकाना सहावा : अंगावरच्या खुणा

‘उजव्या हाताच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग’ एवढंच तिथे लिहिलेलं आहे.

सहाव्या दिवशी दुपारी जगदेवाने सगळं आईला सांगितलं. रंगूबाई चुलीपुढे बसली होती. सुतकाचं बेचव जेवण शिजत होतं. तिने ते दात मागून घेतले, पदरावर पसरले, आणि शेंगा निवडाव्यात तसे निवडू लागली.

“हा समोरचा. याच्यानं ओठ जरासा उचलला जात होता त्याचा.”

“माय, हात नोको लावू. कोनाचे हायेत, ठाव नाई.”

“तुह्या काकाजीले ठाव हाय वाट्टे?”

“काकाजीनं जिंदगीभर राखा सावडल्या.”

“राखा सावडल्या. दात जाळून पायला काय एखांदा, चुलीत टाकून?” ती उठली, देवळीतून तंबाखूची जुनी चंची काढून आणली आणि त्याच्यापुढे टाकली. “घे. हे तं त्याचेच हायेत. काढले तवा चिंध्यात बांधून घेऊन आला. म्हने, आपलं आंग हाय, फेकाव काहून?”

चंचीत बबनरावाचे ते तीन दात होते. तंबाखूने पिवळे पडलेले, एक आतून किडलेला.

जगदेव त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्या लक्षात आलं, की उभ्या आयुष्यात त्याने शेकडो माणसांना विचारलं होतं, चाचपलं होतं, झडती घेतली होती. पण कधी एखादी गोष्ट स्वतः करून पाहिली नव्हती.

त्याने बापाचा एक दात निखाऱ्यात ठेवला. शेजारी कवळीतला एक. वर गोवऱ्या रचल्या. रंगूबाई फुंकणीने फुंकत राहिली. घरात करपल्या नखासारखा वास पसरला. दोघांनीही नाक झाकलं नाही.

उन्हं कलली तेव्हा चिमट्याने दोन्ही बाहेर काढले. कवळीतला होता तसाच होता. बापाचा दात आधी काळा, मग राखाडी झालेला, मधून चिरलेला. तो जगदेवाने निवू दिला. मग पुन्हा निखाऱ्यात घातला, कारण रामरावाचं म्हणणं दुसऱ्या आगीविषयी होतं. एकदा जळेल ते दुसऱ्यांदा जळत नाही. दिवेलागणीच्या आधी त्याने तो परत काढला, पाट्यावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

पीठ झालं.

दोन चिता पाहिलेला माणसाचा दात असा होतो. मग पट्टीवरचे ते दात कोणत्याही चितेतून आलेले नव्हते. चुलत्याला मेलेली माणसं ठाऊक होती. माती ठाऊक नव्हती.

“आता पटलं काय?” रंगूबाईने विचारलं.

“दाताचं पटलं.”

“अन् मान्साचं?”

 पाट्यावरचं पीठ जगदेवाने कागदात घेतलं. आईने बापाचे उरलेले दोन दात त्यात ठेवले, आणि वर, त्याला न विचारता, ते एकोणीसही.

“हे कायले?”

“हुरडा यायनंच खाल्ला,” ती म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी जगदेव एकटाच बाभळीखाली गेला आणि कागदातलं सगळं गाडग्यात रिकामं करून आला. रामरावाला दुपारी कळलं. तो आला नाही. निरोप तेवढा आला, की नदीवर जायला आता गाडी दुसऱ्याची बघा.


रकाना सातवा : अर्जदारास जातीने ओळखणारा इसम

आठव्या दिवशी फुलसिंगची गाडी दोघांना कारंज्याच्या स्टेशनावर सोडून गेली, तिथून छोट्या गाडीने मूर्तिजापूर. डब्यात जगदेव एका टोकाला बसला, ल्यू दुसऱ्या टोकाला. मध्ये कापसाचे गठ्ठे आणि एक शेळी.  जगदेव सही करणार आहे की हरकत घेणार आहे, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, फुलसिंगलाही नाही. चला म्हटलं, ल्यू निघाला.

तहसिलीत कारकुनाने कागद पुढे सरकवला.

“पाटील, सही करता की आणखी एक रिपोर्ट आणला?”

“लिहाचं हाय.”

“इथं लिहायचं नसतं. नाव घालायचं आणि सही करायची.”

“मंग मागच्या बाजूनं लिहितो.”

“एवढं काय लिहायचंय? ओळखता की नाही?”

“तेच लिहाचं हाय,” जगदेव म्हणाला आणि जमिनीवर बसून, मांडीवर फळी घेऊन लिहू लागला. लिहिता लिहिता दोनदा थांबला, एक ओळ खोडली. ल्यू दाराशी उभा राहून त्याच्या टाकाची हालचाल पाहत होता. पाच बाजार जगदेव त्याच्या हातांकडे पाहत होता, तसाच. कारकुनाने लिहिलेलं वाचलं, भुवया उचलल्या, आत साहेबाकडे नेलं. अर्ध्या तासाने शिक्का होऊन कागद बाहेर आला. एक प्रत दप्तरात गेली, दुसरी ल्यूच्या हातात पडली.

“झालं,” कारकून त्याला म्हणाला. “समझा? हो गया.”

ल्यूने कागद चौकोनी घडी करून खिशात ठेवला. जगदेवाला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो सरळ स्टेशनाच्या वाटेला लागला.


रकाना आठवा : शेरा

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनाच्या बाकावर एक मास्तर बसले होते; टोपी, चष्मा, मांडीवर वर्तमानपत्र. ल्यू सरळ त्यांच्याकडे गेला. खिशातला कागद काढला, उलगडला, मागची बाजू वर केली आणि बोट ठेवून म्हणाला, “पढ़ो. जोर से पढ़ो.”

जगदेवाची कानशिलं तापली. चुलत्याशी संबंध तोडून, सुतकात, बापाचं गाडगं झाडाला टांगलेलं असताना आपण इथवर आलो. आणि हा आपलं लिहिणं परक्याकडून तपासून घेतो? तो पुढे जाऊन कागद हिसकावणार होता. पाऊल उचललंही. पण ल्यूची नजर मास्तरांच्या तोंडावर होती, आणि तिच्यात असं काही होतं की जगदेव जागच्या जागी राहिला. उद्या हा माणूस खोलीला पाटी लावणार, तर कागदावर काय आहे ते त्याला कोण सांगणार? ज्याने चार रिपोर्ट दिले तो?

मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि शाळेत वाचतात तसं वाचलं.

“मी, जगदेव वल्द बबनराव, पोलीस पाटील मौजे धनज, लिहून देतो की, या इसमास मी चार महिने पाहत आहे. याच्याविषयीचे चारही रिपोर्ट माझे आहेत. त्यांत जे दिसले म्हणून लिहिले ते खरे आहे. त्यावरून जे असावे म्हणून लिहिले ते माझ्या मनाचे आहे. याने माझ्या वडिलांस दात बसविले. ते त्यांनी शेवटपर्यंत वापरले. दात मातीचे आहेत, याची मी स्वतः जाळून खात्री केली आहे. याचे गाव मी पाहिलेले नाही, याची माणसे मला ठाऊक नाहीत, याची भाषा मला येत नाही. यास ओळखतो असे म्हणणे खोटे होईल. तरी याने या जिल्ह्यात आपला धंदा करावा, त्यास माझी हरकत नाही. पुढे याच्याविषयी काही निघाल्यास आधी मला विचारावे.”

मास्तरांनी हिंदीत त्याचा अर्थ सांगितला, जमेल तसा. ल्यूने ऐकून घेतलं. ‘जाळून’पाशी त्याने एकदा जगदेवाकडे पाहिलं. मग मास्तरांना वाकून नमस्कार केला, कागद घेतला, आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे गेला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने हमालाकडे बोट दाखवलं. हमालानेही मान हलवली. शेवटी तिकिटाच्या खिडकीतला बाबू तयार झाला.

मास्तर जगदेवाकडे वळून म्हणाले, “तुमचा माणूस आहे का हो? मी वाचलं त्यावर विश्वास नाही वाटतं त्याचा.”

“नाई तं नाई,” जगदेव म्हणाला. “दोघायनं वाचलेलं बरं.”

तो मास्तरांच्या शेजारी, थोडं अंतर सोडून बसला. खिडकीतून बाबूचा आवाज येऊ लागला, मास्तरांच्यापेक्षा सावकाश, अडखळत. जगदेव प्रत्येक शब्द मनात पुढे पुढे म्हणत गेला. बाबू काही गाळतो का, याच्याकडे त्याचं पुरतं लक्ष होतं.